दोराच्या वरच्या टोकाला

अंबादास खरातांच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय, ही गोष्ट जान्हवी परबच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. कुकर लावताना, शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारताना, रिक्षाच्या रांगेत उभं असताना तो हात तिच्या डोळ्यांसमोर यायचा. हा हात काही तिच्या घरातल्या कोणाचा नव्हता. मरोळच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या, मानखुर्दला राहणाऱ्या एकोणसाठ वर्षांच्या एका माणसाचा होता. पण येत्या रविवारी माळशेजच्या बाजूच्या एका सुळक्यावर तिची ऋतिका ज्या दोराला बांधलेली असणार होती, त्या दोराचं दुसरं टोक त्या हातात असणार होतं. आणि त्या हाताचा आता भरवसा उरला नाही, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक स्वतः अंबादास, दुसरी जान्हवी.

निलेशला तिने हे सांगून पाहिलं. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "घरातले विषय संपले वाटतं? आता मानखुर्दहून मागवायला लागलीस काळज्या?"

नवऱ्याचं तरी काय चुकलं म्हणा. काळजी करण्यात जान्हवीला मुलुंडात तोड नव्हती. ऋतिका दुसरीत असताना सहलीच्या बसमागे ही रिक्षा करून थेट बोरिवलीच्या उद्यानापर्यंत गेली होती, आणि झाडाआडून मुलगी डबा खाते की नाही ते बघून परत आली होती. तीच मुलगी आता वीस वर्षांची होऊन कड्यांना लटकत होती. दोन वर्षांपूर्वी तिने 'डोंगरसोबती' नावाच्या मंडळात नाव घातलं, आणि तेव्हापासून घरात 'काका' या शब्दाचा पाऊस सुरू झाला. काका म्हणाले बूट एक नंबर छोटा हवा. काका म्हणाले नखं काप. आईने नखं काप म्हटलं की आठ दिवस लागायचे. काकांनी म्हटलं की त्याच दुपारी.

"कोण गं हा काका?" जान्हवीने विचारलं होतं.

"खरातकाका. आई, ते बिले देतात ना, म्हणजे आपण चढताना आपला दोर धरून बसतात, तेव्हा असं वाटतं, आपण खुर्चीत बसलोय. खाली चारशे फूट आहेत हे विसरायलाच होतं."

खाली चारशे फूट आहेत हे आईला विसरायला होणार नव्हतं. तिने मग त्या काकांची माहिती काढायला सुरुवात केली, आणि ऋतिकाकडून, मंडळातल्या पोरांकडून एकेक गोष्ट कळत गेली.

अंबादास जालन्याकडचे. बैलाच्या पाठीपेक्षा उंच काही दिसत नाही अशा सपाट मुलखातून नऊ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर मुंबईत आले आणि मानखुर्दला राहिले. वडील एका ठेकेदाराकडे माहुलच्या तेलाच्या टाक्या रंगवायचे. चारमजली इमारतीएवढ्या गोल टाक्या, आणि त्यावरून दोराला बांधलेल्या फळीवर बसून हा माणूस खाली सरकत सरकत रंग द्यायचा. वर दुसरा एक जण दोर धरून असायचा. डबा घेऊन गेलेला छोटा अंबादास मान मागे टाकून बघत राही. एकदा त्याने विचारलं, "बाबा, भ्या वाटत नाही?" वडील म्हणाले, "कशाचं? रामभाऊ आहे ना वर." मुलाने तेव्हापासून बापाकडे बघायचं सोडून त्या वरच्या रामभाऊकडे बघायला सुरुवात केली. तो कसा बसतो, पाय कुठे टेकवतो, दोर कमरेभोवती कसा घेतो, गप्पा मारतानाही उजव्या हाताची मूठ कशी सैल सोडत नाही.

पुढे आयटीआय करून ते मरोळला टर्नर म्हणून लागले. तिथल्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये सीताराम नावाचा एक रखवालदार होता, अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीचा. एका उन्हाळ्यात तो गावच्या बोहाड्याला निघाला. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून रात्ररात्र नाचायचा हा त्यांच्याकडचा उत्सव. "चल, आमची सोंगं बघ," म्हणून त्याने एकोणीस वर्षांच्या अंबादासला बरोबर नेलं. सोंगं रात्री होती. पण पहाटे एसटीतून उतरल्यावर अंबादासना समोर कडा दिसला, आणि सीताराम सांगतो त्याप्रमाणे, हा गडी पिशवी हातात धरून पाऊण तास तसाच उभा. चहा दोनदा गार झाला. शेवटी एवढंच म्हणाला, "याच्यावर दोर कुठून टाकत असतील रे?"

त्यानंतर चाळीस वर्षं दर सुट्टीला हा माणूस सह्याद्रीत. मालकाच्या परवानगीने जेवणाच्या सुट्टीत लेथवर कड्यात ठोकायच्या मेखा बनवायचे, आणि प्रत्येक मेख आपल्या वजनाने लटकून तपासल्याशिवाय पिशवीत टाकायचे नाहीत. सुळके पहिल्यांदा सर करणाऱ्यांची नावं पेपरात यायची, फोटो यायचे. फोटोत अंबादास कधीच नसायचे, कारण ते दोराच्या दुसऱ्या टोकाला असायचे. याचं त्यांना वाईटही वाटत नसे. चढणारे पुष्कळ मिळतात, धरणारे मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आताच्या काळात दोर धरायला नवी यंत्रं आलीत, मंडळातली पोरं तीच वापरतात. अंबादास मात्र जुन्याच पद्धतीने दोर कमरेभोवती घेऊन उजव्या मुठीत धरतात. दोर हाताला कळला पाहिजे, म्हणतात. आणि चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही माणूस वीतभरसुद्धा खाली आलेला नाही, असं मंडळात सगळे सांगतात. अशा माणसाला कोण सांगणार, काका, यंत्र वापरा म्हणून?

हे सगळं ऐकूनही जान्हवीची काळजी काही मिटली नाही. शेवटी ऋतिका वैतागून म्हणाली, "तू एकदा ये. डोळ्यांनी बघ. मग काय ती कटकट कर."

म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटे जान्हवी परब, वय सेहेचाळीस, मुलीची ट्रॅक पँट आणि शाळेच्या खेळदिवसाची टोपी घालून, सीतारामच्या गावात टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरली. गाव यासाठी निवडलेलं की त्याच रात्री तिथे बोहाडा होता.

उतरली तेव्हा ती अर्धवट झोपेत होती. समोर काहीतरी काळं होतं. आधी तिला वाटलं ढग आलाय. मग त्या काळ्यावर वरच्या बाजूला एक बारीक सोनेरी रेघ उमटली, ती रुंद होत होत खाली सरकू लागली, आणि जान्हवीच्या लक्षात आलं की ही भिंत आहे. दगडाची. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि वर, वर, वर. तिची टोपी मागे पडली. खिडकीतून दिसणाऱ्या येऊरच्या टेकड्यांना ती जन्मभर डोंगर म्हणत आली होती. त्याची तिला त्या क्षणी चक्क लाज वाटली.

"पडली टोपी?" मागून कोणीतरी हसून म्हणालं. "सगळ्यांचीच पडती. ह्या अंबादासचं तर डोकंच पडलं व्हतं, आजून सापडंना."

हा सीताराम. सत्तरीचा, काटक, धोतर गुडघ्यापर्यंत. आणि त्याच्या शेजारी उभे होते ते खरातकाका. जान्हवीने कोणी धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर आणला होता. प्रत्यक्षात एक ठेंगणे, सावळे, पोस्टातल्या कारकुनासारखे दिसणारे गृहस्थ तिला म्हणाले, "या ताई. ऋतिका बोलली होती तुम्ही येणार म्हणून. चहा घ्या आधी. डोंगर कुठे जात नाही."

कडेच्या वाटेने, कारवीच्या झुडपांतून दीड तास चढून सगळे कड्याच्या माथ्यावर पोचले. तिथून पलीकडच्या अंगाला शंभर-सव्वाशे फूट दोरावरून खाली एका रुंद टप्प्यावर उतरायचं होतं. एका दोरावरून आपण उतरायचं, आणि कमरेला बांधलेला दुसरा, राखणीचा दोर वर अंबादासांच्या हातात. पोरं एकामागून एक उतरू लागली. जान्हवी बघत होती ती मात्र एकाच माणसाकडे. अंबादास एका खडकाला पाय लावून बसले होते, कमरेभोवती दोर, डोळे अर्धे मिटलेले. तोंडाने पोरांची थट्टा चाललेली. पण ज्याचं वजन दोरावर असे, तो जरा बावरला की यांना इकडे आधी कळे. "नितेश, डावा पाय हलतोय तुझा, टेकव," असं ते दरीकडे न बघताच म्हणाले, आणि खालून नितेशचा आवाज आला, "हो काका, टेकवला." अंधारात बाळाने कूस बदलली की आईला कळतं, तसं. जान्हवीला हे कळलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा जीव जागेवर आला. तिच्यासारखंच राखत बसणारं दुसरं कोणीतरी तिला भेटलं होतं.

त्या भरातच तिच्या तोंडून निघून गेलं, "मी उतरू?"

"आई, येडी झालीस का?" ऋतिका किंचाळली.

"उतरा की," अंबादास म्हणाले. "एकच लक्षात ठेवा ताई. उजवा हात कमरेशी, खालचा दोर त्यात. तो सोडायचा नाही. सुटलाच तरी मी आहे."

पहिली दहा पावलं ती डोळे मिटून उतरली. मग दगड गार लागतोय, दोर करकरतोय, आपण पडत नाही आहोत, हे हळूहळू लक्षात आलं आणि तिने डोळे उघडले. मान वळवून मागे पाहिलं.

मागे जमीनच नव्हती. सह्याद्री तिथे एकदम संपत होता, आणि खूप खाली, निळसर धुरकटात, सगळं कोकण पसरलेलं होतं. नदीच्या वाकड्या रेघा, तांबूस शेतं, काडेपेटीएवढी गावं. एक मोठा पक्षी पंख न हलवता तरंगत होता, आणि तो तिच्या खाली होता; पक्ष्याची पाठ कशी असते ते तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिचे आजोबा धोंडू परळच्या गिरणीत लागायला कोकणातून आले ते बोटीने. घाट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ज्या मुलखातून आपण आलो त्याच्या उशाशी हे असं काही उभं आहे, हे घरात कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. आणि समुद्र दिसला, उगवता सूर्य दिसला, रस्त्यावरून जाताना देऊळ दिसलं की आपले हात जे करतात ते तिच्या हातांनी केलं.

तिने नमस्कार केला. दोन्ही हात जोडून.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. दोर सळसळला, दगड वर पळाला, आणि कमरेला एक जबर हिसका बसून ती थांबली. गुडघा खरचटला. वरून पळापळ, ओरडाआरडा. मग ऋतिकाची किंकाळी, "आई! हात कशाला सोडलेस?"

"नमस्कार केला!" जान्हवी खालून ओरडली.

आणि अख्खा कडा हसला. पोरं पोट धरधरून हसली. जान्हवीलाही हसू फुटलं. ती हसतच उरलेलं अंतर उतरली. पलीकडच्या धारेवरून ऋतिकाची मैत्रीण सपना व्हिडिओ काढत होती, तो संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर फिरला. सीताराम म्हणाला, "बाई, डोंगराला हात जोडाय व्हतं तर जमिनीव उभं ऱ्हाऊन जोडायचं. त्यो काय रागवत न्हाय."

अंबादास तेवढे हसले नाहीत. गावात परतल्यावर ते तिच्यासमोर उभे राहिले. चेहरा राखेसारखा झालेला.

"ताई, माफ करा."

"अहो, मला कसली माफी? माझाच गाढवपणा," जान्हवी म्हणाली.

"नाही, तसं नाही. मी..." ते बोलायला लागले, तेवढ्यात पोरांनी त्यांना गराडा घातला. काका होते म्हणून वाचली आई, काका म्हणजे काका, कोणी त्यांची पाठ थोपटली. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने घेतला. उजवा हात खिशातच होता.

रात्रभर बोहाडा चालला. जान्हवी मुलांच्या घोळक्यात गोधडी पांघरून बसली होती, आणि संबळ-पिपाणीच्या तालावर टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग अंधारातून येत होतं. गणपती, सरस्वती, भीम. रंगवलेले, डोळे वटारलेले ते चेहरे जवळ आले की बाया खरंच हात जोडत आणि पोरं खरंच रडत. सकाळी ज्यांनी चहा दिला तीच ही माणसं, हे पटत नव्हतं. आणि पूर्वेला फटफटलं तेव्हा रावण आला. दहा डोक्यांचा मुखवटा दोन्ही बाजूंना हातहातभर पसरलेला, त्यावर झिरमिळ्या, आणि तो घालून सीताराम नाचत होता. सत्तर वर्षांचा माणूस. मागे तो कडा, त्यावर पहाटेचा पहिला उजेड, आणि पुढे हा दशमुखी गरगर फिरतोय.

रावणाच्या कमरेला एक लांब कापड बांधलेलं होतं. त्याचं टोक धरून एक माणूस मागे मागे फिरत होता, मुखवट्यातून फारसं दिसत नाही म्हणून. नाच रंगात आलेला असताना हा माणूस एकदम पुढे झाला आणि रावणाच्या कानाशी काहीतरी बोलला. रावण थांबला. संबळ थांबला. सीतारामने मुखवटा उतरवला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला, आणि शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याच्या डोक्यावर ठेवला. वाद्यं पुन्हा सुरू झाली. सगळं मिनिटभरात.

सीताराम घामाने निथळत त्यांच्यापाशी येऊन बसला. "काय झालं हो?" जान्हवीने विचारलं. "बरं वाटत नाही का?"

"ब्येस हाये. कापडावरचा खंडू म्हनला, टेका. टेकलं." त्याने तोंड पुसलं. "आमच्या घरात चार पिढ्या रावन. पन ही आमच्या गावची रीत हाय बाई. सोंग घेणाऱ्याला नाचताना कळत न्हाय आपला पाय कवा लटपटला. बघनाऱ्याला बी नाय कळत, त्यांला सोंगच दिसतं. कापड धरनाऱ्याला कळतं. त्याच्या हाताला वढ लागती ना. त्यानं सांगायचं, आन घेनाऱ्यानं ऐकायचं. दुसऱ्या कोनी सांगायचं न्हाय. पाटलानं बी न्हाय."

"आणि त्याने सांगितलंच नाही तर?"

"मंग त्यो कसला कापड धरनारा?" सीताराम म्हणाला. "माझ्या चुलत्याला नव्हतं सांगितलं. भीड पडली. म्हातारा दहा तोंडांसकट टेंभ्यावर गेला."

अंबादास पलीकडेच बसले होते. पुतण्याच्या डोक्यावरच्या रावणाकडे बघत राहिले, खूप वेळ, आणि मग उठून एकटेच पाणवठ्याकडे गेले.

मुलुंडला परतल्यावर आठवडाभर घरात नमस्काराचाच विषय. निलेश ऑफिसला निघताना दारात उभा राहून हात जोडायचा आणि "आता पडू का?" विचारायचा. जान्हवीही हसायची. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "पण काही म्हण ऋतु, एवढी खाली आले मी, जीवच गेला होता."

"एवढी बिवढी काही नाही. काकांच्या हातात बिले असेल तर वीतभर. दोर ताणतो तेवढंच."

"वीतभर? अगं, बरीच आले."

"घाबरलं की तसं वाटतं, आई."

जान्हवीने ताटं उचलली. पण नमस्कार करताना तिच्या अगदी डोळ्यांसमोर दगडाच्या फटीत वाळक्या गवताचा एक झुपका होता, हे तिला स्पष्ट आठवत होतं. आणि थांबल्यावर आधारासाठी तोच झुपका धरायला तिने हात वर केला होता, तेव्हा तो पोचला नव्हता. तिने सपनाचा व्हिडिओ उघडला. हळू करून पाहिला. झुपका डोळ्यांसमोर, मग हिसका, मग झुपका डोक्याच्या वर, ताणलेल्या हाताच्याही वर. दीड माणूस. हात सोडले ते तिने, त्यात वाद नव्हता. पण ते सोडल्यावर ज्याने धरायचं, त्याच्या मुठीतूनही दोर सुटला होता, आणि दीड माणूसभर सुटल्यावर कसाबसा आवळला गेला होता. तिच्या नमस्काराने ते झाकलं गेलं. सगळे तिला हसले, आणि कोणी दोराकडे पाहिलंच नाही.

खात्री करायची म्हणून ती गेल्या रविवारी आंब्यांची पेटी घेऊन मानखुर्दला गेली. अंबादासांच्या पत्नीने, शकुताईंनी, तिला हाताला धरून आत नेलं.

"तुम्हीच का त्या नमस्कारवाल्या? या या. आमच्या इथं सगळ्यांनी बघितलाय तुमचा व्हिडिओ."

दोन खोल्यांचं घर. एका भिंतीला फळीवर मेखा ओळीने मांडलेल्या, चाळीस वर्षांतल्या, पहिल्या ओबडधोबड लोखंडी मेखेपासून आताच्या चकचकीत स्टीलच्यापर्यंत. जान्हवीने एक उचलून पाहिली. एवढंसं बोट. यावर माणसं लटकली होती.

"घरात भाजी आणायचं विसरतील, पण कोणती मेख कोणत्या डोंगरातली ते विचारा," शकुताई म्हणाल्या. "आता मात्र बघा, शर्टाची बटणं मलाच लावायला लागतात. सकाळी बोटं बधिर असतात म्हणे. थंडीनं. मी म्हटलं, एप्रिलात मानखुर्दला कसली आली थंडी? बर्फ पडतोय का गोवंडीत?"

"डॉक्टरला दाखवलं का?"

"ऐकतंय कोण! वर्षभरात रिटायर होणार, मग बघू म्हणतात. आणि मंडळात सांगितलं तर पोरं नुसती काळजी करत बसतील, म्हणे."

तेवढ्यात अंबादास आले. त्यांनी जान्हवीला पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काय बोलणं झालं असेल ते त्यांना कळलं. कळलं हे जान्हवीलाही कळलं. पण शकुताईंसमोर कोणीच काही काढलं नाही. आंबे देवगडचे की रत्नागिरीचे, यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं. निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले.

"ऋतिका फार चांगली चढते, ताई," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सुळक्यावर तिला सर्वांत पुढे ठेवणार आहे. एवढ्या वर्षांत दोराला इतका हलका पाय मी बघितला नाही."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर जान्हवीचा ऊर भरून आला असता. तसा तो आलाही. आणि त्याच क्षणी तिची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली.

आज गुरुवार. ऋतिकाची सॅक पॅसेजमध्ये भरून तयार. संध्याकाळचे पावणेसहा. जान्हवीने तीन दिवसांत सगळे मार्ग तपासून पाहिले होते. मुलीला जाऊ द्यायचं नाही, हा पहिला. पण मग ऋतिकाच्या जागी नितेश लटकणार, सपना लटकणार. त्यांनाही आया होत्या. मंडळाच्या अध्यक्षांना सांगायचं, हा दुसरा. ते व्हिडिओ मागवतील, बैठक घेतील, चार पोरं मान खाली घालून बसतील आणि चाळीस वर्षं दोर धरून बसलेला माणूस स्वतःविषयी दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल. ते त्यांच्या वाट्याला येऊ नये, असं तिला फार वाटत होतं. तिसरा मार्ग म्हणजे गप्प बसायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत देवासमोर बसून राहायचं. तो तर तिचा नेहमीचाच होता. या वेळी तो पुरणार नव्हता.

राहिला चौथा. तो तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि तिने तो टाळला होता, कारण एवढ्या मोठ्या माणसाला असं काही सांगण्याचा आपल्याला अधिकार काय, असं तिला वाटे. ती डोंगरात एकदाच गेलेली बाई. पण त्या सकाळी दोराच्या खालच्या टोकाला तीच होती. दुसरं कोणी नव्हतं. ओढ तिच्या कमरेला लागली होती.

पाच चाळीसला कारखाना सुटतो. मेट्रोत शिरायच्या आधी मरोळ नाक्यावर ते टपरीवर चहा घेतात, हे ऋतिकाने कधीतरी सांगितलं होतं. घरी पोचले की शकुताई असतील. बोलायचं तर आत्ताच. पहिलं वाक्य तिने ठरवलं. अंबादासदादा, हात मी सोडले, ती चूक माझी. पण त्यानंतर जे झालं ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी काहीतरी सांगत होतात, ते मला पुरतं ऐकायचंय.

पुढचं ते बोलतील. मग डॉक्टरकडे जायचं, यंत्र वापरायचं, की शेजारी कोणाला तरी दोर धरायला शिकवत बसायचं, ते त्यांनीच ठरवायचं. पण रविवारच्या आधी. आणि मंडळात त्यांनी स्वतः सांगायचं.

"आई, माझे जाड मोजे कुठे आहेत?" आतून ऋतिका ओरडली.

"दोरीवर वाळतायत. मी फोनवर आहे, दहा मिनिटं इकडे येऊ नकोस."

"कोणाशी बोलतेयस?"

जान्हवीने बाल्कनीचं दार ओढून घेतलं. समोर येऊरच्या टेकड्यांवर ऊन उतरत होतं. तिने खरातांचं नाव शोधलं आणि फोन लावला.